श्रम की उष्णता?

समजा, चैत्रातल्या दुपारी आपण हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरला, पूर्णा नदीवरच्या धरणाजवळून शाळेकडे चाललो आहोत. सोबतच्या तरुण शिक्षिका म्हणतात, “एका डोळ्याने अंधुक दिसतंय, पाय उचलत नाहीत.” सावलीत बसल्यावर त्यांना पुन्हा नीट दिसू लागते. हा थकवा, की कामाचा कंटाळा? निकाल देण्याआधी थोडा इतिहास पाहू.

विजेच्या तारेवर वेष्टन असते, तसे मेंदू व मज्जारज्जूतील अनेक चेतातंतूंवर मायेलिन नावाचे आवरण असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ते जागोजागी खराब करते. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहोफ यांनी शंभर रुग्णांची निरीक्षणे मांडली. त्यांपैकी चौघांची नजर श्रमाने अंधुक होई आणि विश्रांतीनंतर सुधारे. निरीक्षण अचूक होते. पण कारण म्हणून त्यांनी श्रमाकडेच बोट दाखवले.

श्रमाने शरीर तापतेही. मग दोष कोणाचा? दोन कारणे एकत्र येत असतील तर एकेक वेगळे करून पाहावे, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतोच. १९५१ साली गुथ्री यांनी रुग्णांच्या भोवतालचे तापमान बदलून पाहिले. नुसत्या उष्णतेनेही नजर आणि स्नायूंची ताकद, दोन्हींवर परिणाम होत होता. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पुढे सरकतो. तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडू शकतो. शरीर थंड झाले की वाट मोकळी होते. म्हणजे हा बिघाड तात्पुरता असतो, नवी इजा नव्हे.

एके काळी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवत. काहींना त्रास झाला, आणि एमआरआय आल्यावर ती चाचणी मागे पडली.

हा आजार फक्त थंड देशांचा, असेही मानले जाई. मुंबईतील पारशी समाजात तो लाखात सुमारे २६ जणांना असल्याचे डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. मुंबईतच १९८५ साली रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली होती.

अंधुक दिसण्याची कारणे पुष्कळ असतात. निदान डॉक्टरांनीच करायचे. दिवस उलटूनही नजर सुधारली नाही, तर लगेच त्यांना गाठावे. आपल्या हाती आहे ते एवढेच : सावली, गार पाणी, सकाळची तासिका, आणि ‘ढोंग’ हा शब्द तोंडातून न काढणे.