साच्याची मालकी

संगणकाला एक आज्ञा द्यावी आणि पत्राचा, अहवालाचा किंवा प्रबंधाचा तयार साचा हाती यावा, ही सोय प्रोग्रामरांच्या हौसेतून आली असे समजले जाते. पुरावे मात्र कचेरीकडे बोट दाखवतात. १९६४ मध्ये एमआयटीच्या जेरोम सॉल्ट्झर यांनी ‘टाइपसेट’ आणि ‘रनऑफ’ या दोन आज्ञा लिहिल्या. त्यांच्या माहितीपत्रकाच्या शीर्षकातच ‘मेमोरँडम’ हा शब्द होता, म्हणजे कचेरीतले टिपणही डोळ्यांसमोर होते. ‘रनऑफ’मध्ये मजकुराच्या ओळींमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या सूचना पेरायच्या आणि कागदावर मांडणीचे काम यंत्राने करायचे. लिहिणे आणि मांडणे ही दोन कामे येथे वेगळी झाली. ती वेगळी झाल्यावर मांडणीचे नियम कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न मागोमाग आला, आणि या साऱ्या इतिहासाचा कणा तोच आहे.

बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती, तेव्हा तिच्या कर्त्यांना नवा पीडीपी-११ संगणक हवा होता. तो त्यांनी मजकूर-प्रक्रियेचे साधन बनवून देण्याच्या बोलीवर मिळवला. संस्थेच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करण्यासाठी यंत्रणा हवी होती आणि पेटंट ऑफिसला पानावरच्या ओळींना क्रमांक घातलेले अर्ज लागत. विभागाने पाहून ठेवलेल्या विकाऊ यंत्रणेला ते जमत नव्हते. युनिक्सच्या मंडळींनी ‘रॉफ’ या आपल्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये ती सोय चटकन घालून दिली. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी नोंदवले आहे की १९७१ च्या उत्तरार्धात विभागाचे तीन टायपिस्ट दिवसभर याच संगणकावर पेटंटचे अर्ज टाइप करत आणि युनिक्सचे कर्ते त्याच यंत्रावर आपले काम रेटत. ज्या प्रणालीवर आजचे निम्मे संगणकविश्व उभे आहे, तिला आरंभी आधार मिळाला तो एका सरकारी कार्यालयाच्या नमुन्याबरहुकूम पान काढून देण्याच्या कामाचा.

पुढे जो ओसाना यांनी छपाईच्या यंत्रासाठी ‘ट्रॉफ’ लिहिला आणि माइक लेस्क यांनी त्यावर ‘एमएस’ नावाचा मॅक्रोंचा, म्हणजे बांधून ठेवलेल्या सूचनांचा, संच रचला. आज्ञेला ‘एमएस’ एवढी पुस्ती जोडली की साचा लागू होई. शीर्षक, लेखक, संस्था, सारांश यांना स्वतंत्र खुणा होत्या. तांत्रिक टिपण, अंतर्गत टिपण, पत्र आणि बाहेर प्रसिद्ध करायचा निबंध यांचे प्रकारही वेगळे. कोणता कागद कोणासाठी आणि त्यावर काय असलेच पाहिजे, हे एरवी जुन्या टायपिस्टच्या हाताला ठाऊक असलेले शहाणपण आता एका फाइलीत उतरले होते. यात टायपिस्टचे कसब हिरावले गेले, असा आक्षेप घेता येईल आणि त्यात तथ्य आहे. पण ते कसब आता कोणालाही उघडून वाचता येत होते, हेही तितकेच खरे.

फाइल उघडी असणे किती महत्त्वाचे, हे ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’वरून कळते. १९८० च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेल्या या प्रणालीने लेखकाला फक्त ‘हा लेख आहे’ एवढेच सांगायला लावले. रूप ठरवण्याचे काम जाणकारांनी आधीच करून ठेवलेले. कल्पना सुरेख होती. पण ‘स्क्राइब’ एका कंपनीला विकली गेली आणि परवान्याशिवाय घेतलेली प्रत ठरावीक मुदतीनंतर बंद पडावी अशी कळ तिच्यात बसवली गेली. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांचा संताप झाला तो यामुळेच. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘स्क्राइब’ची कल्पना घेतली, पण ‘लाटेक’ बांधला तो डोनाल्ड कनूथ यांनी सर्वांना खुल्या ठेवलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर. लेख, अहवाल, पुस्तक, पत्र हे त्याचे ठरलेले साचे साध्या मजकुराच्या फाइलींत होते आणि राहिले. देवनागरीलाही या खुलेपणाचा लाभ झाला: १९९१ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थाउस यांनी ‘टेक’साठी देवनागरीचा टंक आणि रोमनमधून मजकूर रूपांतरित करणारा प्रोग्राम जोडला, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

साच्यांमुळे सगळे कागद एकसारखे होतात, हा आक्षेप जुना आहे. पण एकसारखेपणा पेटंट ऑफिसला आधीपासूनच हवा होता. साच्याने तो फक्त स्वस्त केला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पडद्यावर पान जसेच्या तसे दिसते, तेव्हा आज्ञा घोकाव्यात कशाला? पत्रापुरता हा प्रश्न रास्त आहे आणि बहुसंख्यांनी आपले उत्तर देऊनही टाकले आहे. तरी वर्डसारख्या प्रोग्रामांनीही साचे आणि शैली ठेवल्याच. फरक उरतो तो आत डोकावण्याच्या सोयीत. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘पॅनडॉक’ या मजकुराचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला सांगितले, तर तो आपला मूळ साचाच ओळीओळीने पडद्यावर काढून देतो, आवडेल ते ठेवावे, नको ते खोडावे. नियम लिहिणारा आणि नियम पाळणारा यांच्यातले अंतर मिटत नाही, पण ओलांडता येते. कचेरीच्या शिस्तीतून जन्मलेल्या या सोयीचे खरे मोल त्या ओलांडण्यात आहे; वाचता न येणारा साचा कितीही देखणा असला तरी तो दुसऱ्याचा हुकूमच राहतो.