बदरपूरची धुराडी विझली, कोळसा विझला का?

करोल बागेच्या बाजारपेठेत संध्याकाळी दिवे उजळतात. त्यामागची वीज कोठे जन्मली, हे ग्राहकाला दिसत नाही. दिल्लीत एके काळी ते दिसत असे. इंद्रप्रस्थ, राजघाट आणि बदरपूर येथील कोळशाच्या वीजकेंद्रांची धुराडी राजधानीतच उभी होती.

यांतील अखेरचे केंद्र बदरपूरचे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता पुढे ७०५ मेगावॉट झाली. जुने संच राख आणि धूर अधिक सोडत. म्हणून पर्यावरणतज्ज्ञांनी ते बंद करण्याचा आग्रह धरला. दुसरी बाजूही पोकळ नव्हती. शहरालगतची वीज गमावायची, तर बाहेरून ती आणणाऱ्या वाहिन्या आणि उपकेंद्रे आधी हवीत. शिवाय कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न होताच.

१५ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र कायमचे बंद झाले. मात्र उत्तर प्रदेशातील दादरीसारख्या केंद्रांत कोळसा जळतच राहिला. त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सूक्ष्म सल्फेट कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणूनच एखादे केंद्र बंद झाल्याचा लाभ मोजताना त्याची जागा कोणत्या विजेने घेतली, हेही पाहावे लागते.