डाव बदलणारे विद्यार्थी



विटीदांडू आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला आहे. एका गावचा पोरगा सुटीत मामाच्या गावी गेला की पहिला अर्धा तास खेळण्यात न जाता भांडणात जातो. "आमच्याकडे असं मोजत नाहीत!" "मग इथं आमच्यासारखं मोज!" अखेर दोन्हीकडचे थोडे थोडे घेऊन नियम ठरतात आणि डाव सुरू होतो. मोठ्या माणसांना हे भांडण पोरकट वाटते. वास्तविक त्यात पोरे एक महत्त्वाची गोष्ट शिकत असतात. खेळाचा नियम आभाळातून पडत नाही, तो कुणीतरी केलेला असतो, आणि एक नियम हलवला की सगळ्या डावाचा रंग पालटतो.

खेळांचा इतिहासही असाच हलवाहलवीचा आहे. आपल्याकडचा मोक्षपट घ्या. परंपरेने तो ज्ञानेश्वर महाराजांच्या नावाशी जोडला जातो. त्यातल्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. पुढे हा पट विलायतेत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे छापून विकला जाऊ लागला. अमेरिकेत १९४३ मध्ये सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. दरवेळी कुणीतरी मूळ पट हाती घेतला, त्यातले काही ठेवले, काही काढले. आज मला सांगायची आहे ती हीच गोष्ट, पण संगणकाच्या पडद्यावरच्या खेळांबद्दल. दुसऱ्याने केलेला खेळ उघडून त्यात फेरफार करायचा, याला 'मॉडिंग' म्हणतात. या वाटेने जगभरची हजारो मुले प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकाला नेमक्या आज्ञा लिहून देण्याची विद्या, शिकली आहेत.

आता इतिहासाकडे वळू. साल १९६२. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला संगणक दोन वर्षांपूर्वी कामाला लागला होता, आणि याच वर्षी पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवले. तो शास्त्रज्ञांच्या हिशेबांत गुंतलेला होता. तिकडे अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत एक नवा संगणक आला होता, आणि तिथल्या तरुण मंडळींना त्यावर काहीतरी गंमत करावीशी वाटत होती. स्टीव्ह रसेल याने 'स्पेसवॉर' नावाचा खेळ लिहिला. दोन अंतराळयाने एकमेकांवर गोळे सोडतात, एवढाच तो खेळ.

खेळाच्या आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून ठेवलेल्या असत, आणि ती फीत मित्रमंडळींना खुली होती. पीटर सॅमसन याला पडद्यावरचे आकाश पटेना. चांदण्या वाटेल तशा विखुरलेल्या होत्या. त्याने खऱ्या आकाशातल्या ताऱ्यांच्या जागा मोजून तिथे बसवल्या. डॅन एडवर्ड्स याला वाटले, अवकाशात गुरुत्वाकर्षण नाही हे कसे? त्याने मधोमध एक सूर्य बसवला आणि तो यानांना आपल्याकडे ओढू लागला. पण एवढे गणित करताना यंत्राची दमछाक होऊ लागली. तेव्हा याने रेखाटण्याच्या आज्ञा त्याने नव्या, अधिक वेगवान पद्धतीने लिहिल्या. तरीही वेळ पुरेना, म्हणून गोळ्यांना गुरुत्वाकर्षणातून सूट द्यावी लागली!

शिक्षकहो, इथे क्षणभर थांबा. सूर्य बसवण्याच्या हौसेपायी एका तरुणाला गणित करावे लागले, यंत्राची ताकद मोजावी लागली, आणि काय ठेवायचे नि काय सोडायचे याचा निवाडा करावा लागला. हे सगळे एका खेळापायी.

पुढे बेसिक ही सोपी संगणकभाषा आली. ती १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तयार झाली. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिकमधल्या एकशे एक खेळांचे पुस्तक काढले. पुस्तकात खेळाच्या आज्ञा ओळीने छापलेल्या. वाचकाने त्या स्वतः टंकायच्या. एखादे अक्षर चुकले की खेळ अडे, आणि चूक शोधता शोधता प्रत्येक ओळ काय करते हे कळू लागे. मग मन धीट होई: ही संख्या बदलली तर काय होईल? १९७८ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि तिचा खप दहा लाखांवर गेला.

आपल्या देशात शाळांतून संगणक नेण्याचा मोठा सरकारी प्रयत्न १९८४ साली 'क्लास' या नावाने सुरू झाला. त्यासाठी निवडलेल्या बीबीसी मायक्रो या यंत्रातही बेसिकच होती. यंत्र सुरू केले की पडद्यावर आज्ञा लिहायची जागा तयार असे. आजच्या मोबाइलचे तसे नाही. तो सुरू केला की खेळ तयार. त्याच्या आज्ञा मात्र दिसत नाहीत. मूल पाहुण्यासारखे येते, खेळते आणि जाते. घरात स्वयंपाकघर कुठे आहे, हे त्याला कधी कळतच नाही.

यानंतरचा टप्पा समजायला जालन्याचा मस्तगड उपयोगी पडेल. हा गड निजाम-उल-मुल्कच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली बांधला. पुढे त्याच वास्तूत नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. जिथे शिबंदी वावरायची, तिथे नागरिक अर्ज घेऊन येऊ लागले. जुन्या वास्तूत अशी नवी मांडणी करायची तर एक गोष्ट ठाऊक हवी: कोणती भिंत भार घेते आणि कोणती नुसती आडोशाला आहे. ते कळले तर दार कुठेही काढता येते. न कळले तर छप्पर डोक्यावर येते.

१९९३ साली निघालेल्या 'डूम' या खेळात जॉन कारमॅक याने हीच सोय करून ठेवली. खेळ चालवणारे मूळ यंत्रण एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसऱ्या फाइलींत. त्यामुळे मूळ भिंतींना धक्का न लावता कुणालाही आतली मांडणी बदलता येई. १९९७ मध्ये तर मूळ आज्ञावलीही खुली करण्यात आली. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' काढला. पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या कंपनीने तो आपलासा केला. फेरफार करणाऱ्यांसाठी मालकाने दार उघडे ठेवले, की शिकाऊ उमेदवाराचा कारागीर होतो. इतिहास वारंवार हेच सांगतो.

आता कुणी पालक म्हणतील, "गुरुजी, पोरं आधीच मोबाइलला चिकटलीत, त्यात तुम्ही खेळाचंच कौतुक लावलंय!" ही काळजी रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. दिवसभर खेळत बसणे म्हणजे शिकणे नव्हे. आणि फुकट नाणी मिळतील म्हणून 'मॉड' नावाची कुठली तरी फाइल फोनमध्ये उतरवणे म्हणजेही शिकणे नव्हे. ती दुसऱ्याने फिरवलेली असते, तिच्यात काय दडवले आहे कळत नाही, आणि फोनमधले पैसे, फोटो, नंबर सगळेच धोक्यात येते. शिकणे सुरू होते ते मुलाने स्वतः आज्ञा वाचून, स्वतः बदलून पाहिल्यावर.

त्याची साधनेही आज उपलब्ध आहेत. एम. आय. टी.ने २००७ मध्ये 'स्क्रॅच' खुले केले. त्यात आज्ञा ठोकळ्यांसारख्या जोडायच्या असतात. इतरांनी तेथे मांडलेला खेळ आतून पाहता येतो, बदलता येतो, आणि मूळ कर्त्याचे नाव आपोआप सोबत राहते. ही शेवटची गोष्ट मुलांना आवर्जून दाखवा. दुसऱ्याच्या पायावर घर बांधताना त्याचे नाव घेणे हा शिष्टाचार आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तके तयार झाली. त्यांतही स्क्रॅचचा उपयोग केलेला आहे.

शाळेत एकच संगणक असला तरी एक सोपा प्रयोग करता येईल. संगणक १ ते १०० मधली एक संख्या मनात धरतो, मूल ओळखते, आणि संगणक 'मोठी' किंवा 'लहान' असे सांगतो. थोड्याच ओळींचा हा खेळ आहे. दोन-चार डाव खेळू द्या. मग वर्गाला विचारा, "नेहमी मधली संख्या सांगत गेलो तर जास्तीत जास्त किती वेळा विचारावे लागेल?" उत्तर सात. आता त्या आज्ञेतल्या १०० वर एक शून्य वाढवून १००० करा. बटण दाबण्यापूर्वी पुन्हा विचारा, "आता किती?" बहुतेक मुले म्हणतील, सत्तर. करून पाहिले की उत्तर निघते दहा! संख्या दसपट झाली आणि प्रश्न वाढले फक्त तीन. दरवेळी निम्मे उरते, ही युक्ती मुलांना फळ्यावर सांगण्याआधी हाताने सापडलेली असेल. मोठमोठ्या याद्यांतून एक नाव झटकन शोधताना संगणकही हीच युक्ती वापरतो.

एवढे मात्र पाहा की कळफलक सगळ्यांच्या हाती जाईल. बहुधा धीट मुलगा खुर्ची पटकावतो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात. पाळी लावा. आणि बदल केलेल्या प्रत्येकाने चार वाक्यांत, आपल्या मराठीत, सांगावे: मी काय बदलले, काय होईल असे वाटले होते, आणि काय झाले.

मामाच्या गावी नियमांवरून भांडणारे पोर ज्या हक्काने म्हणते, "हा नियम असा का?" तो हक्क पडद्यासमोर बसल्यावर त्याने सोडून देऊ नये. आपल्या मुलांचे शिक्षण, बाजारभाव, बँक, सातबारा हे सारे आता संगणकावर चालते. ते नियम कुणीतरी लिहिलेले आहेत. ते वाचणारी आणि गरज पडली तर बदलणारी माणसे आपल्या गावांतूनही निघाली पाहिजेत. त्याची सुरुवात एका खेळातला एक आकडा बदलण्यापासून होऊ शकते.