माटुंग्यातील बियाण्याची पारख

परळ-लालबागच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना भांडवल, यंत्रे आणि कामगारांचे लढे यांचा वृत्तान्त विस्ताराने दिला जातो, आणि ते यथोचितच आहे. परंतु ज्या कापसावर गिरणगावाचा सारा प्रपंच चालला, त्याच्या बियाण्याची परीक्षा दादरला लागूनच असलेल्या माटुंग्यात कित्येक दशके होत आली, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा उपक्रम आरंभिला आणि पुढे गिरण्या वाढल्या, तसतसे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईतच मोठे गिऱ्हाईक मिळाले. हा देशी कापूस काटक, अवर्षणात तग धरणारा, पण आखूड धाग्याचा; त्यातून जाडेभरडे सूत निघे. बारीक सुतासाठी गिरण्यांना लांब धागा हवा होता, तर शेतकऱ्याची दृष्टी साहजिकच रुईच्या उताऱ्यावर होती, कारण सरकी वेगळी झाल्यावर रुई जितकी अधिक, तितके त्याच्या पदरी अधिक पडे. म्हणूनच आखूड धाग्याची पण भरघोस उताऱ्याची रोझियम जात त्या मुलखात पसरली. त्यात व्यापारात लांब धाग्यात आखूड धागा मिसळला जाई, आणि उत्तम बी पेरणाऱ्यास उत्तम मालाचा मोबदला मिळत नसे.

हा पेच सोडविण्यासाठी सरकारने १९१७ मध्ये मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ मध्ये कापसावर उपकर बसला आणि हलका माल चांगल्या कापसाच्या प्रदेशात आणण्यास प्रतिबंध करण्याची तजवीज कायद्याने झाली. आणि १९२४ मध्ये माटुंग्याची प्रयोगशाळा उभी राहिली. ठिकठिकाणचे पैदासकार निवडलेल्या वाणाची थोडी रुई तेथे पाठवीत. तंतूची लांबी, तलमपणा आणि बळकटी मोजून ती रुई प्रत्यक्ष चात्यांवर कातली जाई, आणि किती बारीक नंबरापर्यंत तिचे चांगले सूत निघते याचा दाखला पैदासकाराच्या हाती पडे. या दाखल्याचे मोल सूतखात्यातील कामगारासही होते, कारण कमजोर रुईची तार वारंवार तुटते आणि प्रत्येक तुटलेली तार त्याच्याच बोटांनी सांधावी लागते.

देशी कापसात २६ गुणसूत्रे, तर लांब धाग्याच्या अमेरिकन जातीत ५२. त्यामुळे त्यांचा संकर बहुधा वांझ निघे, आणि काटकपणा व लांब धागा एका झाडात आणणे दुष्कर ठरले. १९४७ च्या फाळणीने पंजाब-सिंधमधील लांब धाग्याची शेते पाकिस्तानात गेली, तेव्हा लांब धाग्याची निकड तीव्र झाली. १९७० मध्ये सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनी दोन अमेरिकन वाणांच्या संकरातून ‘एच-४’ सिद्ध केला, आणि व्यापारी लागवडीसाठी संकरित कापूस जगात प्रथम भारतात आला. हे बी हातांनी निर्माण होते: उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर आदल्या दिवशी काढून टाकायचे, कळी झाकून ठेवायची, आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिच्या कुक्षीवर लावायचा. मात्र संकराचा जोम पुढील पिढीत टिकत नाही, म्हणून घरचे बी राखणारा शेतकरी दरवर्षी बाजाराकडे वळला.

बियाण्याची सुधारणा कोणासाठी, हा प्रश्न म्हणूनच अटळ आहे. माटुंग्याच्या प्रयोगशाळेने धाग्याचा निवाडा चोख केला. परंतु शेतकऱ्याचा खर्च, गिरणीची गरज आणि कामगाराचे श्रम यांचा हिशेब एकत्र मांडल्यावाचून कोणत्याही वाणास श्रेष्ठ म्हणणे न्यायाचे नव्हे.