दुर्बिणीला लागलेली चाळिशी

माणसाच्या डोळ्यांना साधारण चाळिशीत चष्मा लागतो, म्हणून आपण त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणू लागलो. मराठीची ही गंमत मला फार आवडते. हबल या अवकाश दुर्बिणीलाही अशीच चाळिशी लागली. आणि ती पहिल्यांदा कुणाच्या मनात आली तिथपासून मोजलं, तर तिचं वयही तेव्हा चाळिशीच्या पुढेच होतं.

१९४६ साली लायमन स्पित्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक टिपण लिहिलं. म्हणणं साधं होतं, की दुर्बीण वातावरणाच्या वर न्यावी. तारे लुकलुकतात ते हवेमुळे. आम्हा कवींचं निम्मं दुकान त्या लुकलुकण्यावर चालतं, पण खगोलशास्त्रज्ञाला तीच डोकेदुखी. पहिला उपग्रह उडायला तेव्हा अजून ११ वर्षं होती!

पुढची तीन दशकं मन वळवण्यात गेली. 'नासा'त नॅन्सी रोमन यांनी ही योजना धरून ठेवली. १९७४ साली अमेरिकी संसदेत पैसाच कापला गेला, तेव्हा स्पित्झर आणि जॉन बाहकॉल खासदारांचे उंबरठे झिजवू लागले. आरसा ३ मीटरवरून २.४ मीटरवर आला, युरोपला भागीदार केलं, आणि १९७७ साली मंजुरी मिळाली. उड्डाण ठरलं १९८३ साली.

आरसा घासायचं काम पर्किन-एल्मर कंपनीकडे गेलं. एवढ्या आरशाचा बाक नेमका आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक तपासणी-यंत्र असतं. त्या यंत्रातलं एक भिंग बसवताना अंतर मोजायच्या कांडीवर टोपण होतं. टोपणाचा काळा रंग टवका उडाल्यासारखा थोडा निघाला होता. प्रकाश कांडीच्या टोकावरून परतायचा, तो टोपणावरूनच परतला. भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. ते बसेना, तेव्हा साधे वॉशर घालून बसवलं म्हणतात. इतर दोन साध्या यंत्रांनी चूक दाखवलीही होती. पण ती यंत्रं कमी अचूक, म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. अतिशय काळजीने, अतिशय गुळगुळीत असा चुकीचा आरसा १९८१ साली तयार झाला.

मला खरी बोचते ती यापुढची गोष्ट. मुदती सरकत राहिल्या. मग २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान कोसळलं, सात जण गेले आणि यानांची उड्डाणं थांबली. दुर्बीण कॅलिफोर्नियात एका निर्मळ दालनात झाकून ठेवली. तिला नुसती सांभाळायला महिन्याला सुमारे ६० लाख डॉलर लागत. उशिराला आपण सगळे नावं ठेवतो, पण या उशिराने चूक शोधायला नऊ वर्षं दिली होती. जोडलेल्या दुर्बिणीची संपूर्ण तपासणी मात्र झाली नाही; ती महाग पडेल, असा हिशेब होता.

२४ एप्रिल १९९० रोजी 'डिस्कव्हरी' यानातून ती निघाली. दोन महिन्यांत उघड झालं, की तारे धूसर दिसतात. आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट होती. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग म्हणा. वर्तमानपत्रांनी, विनोदवीरांनी यथेच्छ टिंगल केली. चौकशी समिती डॅनबरीच्या कारखान्यात गेली, तर ते तपासणी-यंत्र अजून तसंच जपलेलं सापडलं. चूक अचूक मोजता आली. आणि चूक मोजता आली, म्हणून चष्माही करता आला.

डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर जाऊन तो बसवला: नाण्याएवढे छोटे आरसे, आणि आतूनच दुरुस्ती असलेला नवा कॅमेरा. दीर्घिका लख्ख दिसू लागल्या. स्पित्झर यांनी त्या पाहिल्या. ते १९९७ साली वारले.

जाता जाता एक. त्याच काळात कोडॅक कंपनीने राखीव म्हणून दुसरा आरसा केला होता. तो बिनचूक होता. त्यावर परावर्तक मुलामा कधी चढलाच नाही. तो आता वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे.