चहाचा पेला आणि विद्येचे माहेरघर

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणताना आपण तेथील महाविद्यालये, ग्रंथालये आणि संशोधनसंस्था यांची नावे आदराने घेतो. त्या संस्थांत शिकायला आलेली मुले चहा कोठे घेत होती, कोणाच्या शेजारी बसून घेत होती, हा प्रश्न मात्र इतिहासलेखकांना क्षुल्लक वाटतो. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या बेळगावातून पुण्याला शिकायला गेलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला तो तसा वाटत नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे, यावर ज्या समाजाची सारी घडी बेतलेली होती, त्या समाजात सार्वजनिक उपाहारगृह ही साधी गोष्ट नव्हती. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या टेबलांचा इतिहास म्हणूनच थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. तेव्हाच्या विद्यार्थ्याला हॉटेल ठाऊक नव्हते. गरीब मुलगा माधुकरी मागे, नाहीतर सात घरी सात वार लावून जेवे. ज्याच्या घरून पैसे येत, तो आपल्या जातीच्या खाणावळीत जाई. शिक्षण नवे होते, पण पोटाची व्यवस्था जुनीच होती. वर्गात मिल आणि स्पेन्सर वाचणारा विद्यार्थी संध्याकाळी सोवळ्यातल्या पंक्तीला बसत असे.

या दोन जगांची टक्कर एका चहाच्या पेल्यावरून व्हावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला, कोणी तोही लावला नाही. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उसळले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचे वाद वर्षानुवर्षे चालले. राजकारणात दोन ध्रुवांवर उभे असलेले रानडे आणि टिळक या एका प्रकरणात एकाच पिंजऱ्यात उभे राहिले. अशा शहरात पुढल्या पन्नास वर्षांत विद्यार्थी सर्रास इराण्याकडे चहा पिऊ लागले. ही मजल लहान म्हणता येणार नाही.

ती गाठून देणारे पहिले लोक इराणहून आलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून दुष्काळ, दारिद्र्य आणि धार्मिक जाच यांना कंटाळून अनेक कुटुंबे मुंबईला आली. त्यांत जरथुष्ट्री होते, तसे मुसलमानही होते. मुंबईतून ती पुण्याला पसरली, काही हैदराबादला स्थिरावली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडे तोंड करून असलेले ते उघडे दालन, संगमरवरी पाट्यांची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे आणि गल्ल्यावर बसलेला मालक हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आजही उभे राहील. फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी असलेले कॅफे गुडलक १९३५ सालचे. बनमस्का आणि चहा एवढ्या भांडवलावर तेथे तासभर बसता येई आणि कोणी उठवीत नसे. आलेल्या माणसाला त्याची जात विचारण्याचे कारण या परदेशी मालकाला नव्हते.

पेठांमध्ये याच काळात दुसरी चहापरंपरा रुजत होती. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी 'अमृततुल्य' ही दुकाने काढली. पितळेचे लखलखीत भांडे, त्यात दूध, आले आणि वेलची घालून उकळलेला चहा, आणि मालक ब्राह्मण असल्याची ग्राहकाला मिळणारी निश्चिंती. इराण्याकडे जाण्यास कचरणारा पेठेतला गृहस्थ येथे निःशंकपणे चहा घेई. पुणेकर घराबाहेर चहा पिऊ लागला खरा, पण कोठे प्यावा याचा विवेक त्याने लगेच सोडला नाही, एवढे यातून दिसते.

विवेक हा शब्द येथे फार सौम्य आहे. कित्येक उपाहारगृहांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला प्रवेश नव्हता. जेथे होता तेथे त्याची कपबशी वेगळी असे, आणि ती त्याने स्वतः विसळून ठेवावी लागे. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. देशाच्या घटनेत हॉटेल यावे, याचे आज कोणाला नवल वाटेल. ज्यांनी वेगळी कपबशी पाहिली होती, त्यांना वाटले नसेल. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तर उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. १९७६ साली हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. सरकारी नोकरीत या कायद्याखालील प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली आहेत. त्यांतली काही चहाच्या पेल्याचीच होती, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. पुण्याच्या त्या सभेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी!

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पुण्याची विद्यार्थिसंख्या वाढत गेली. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय त्याआधी, १९४३ सालीच, जवळ आले होते. या नव्या गर्दीला स्वस्त, झटपट आणि शाकाहारी खाणे हवे होते. ते आणले दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या माणसांनी. उडुपीच्या कृष्णमठाच्या स्वयंपाकघरात घडलेली ही पाककला आधी मद्रास, मुंबईत पोचली. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. ब्राह्मण आचाऱ्यांच्या मागोमाग बंट समाजातले शेट्टी या धंद्यात उतरले आणि लवकरच त्यात अग्रेसर झाले. कर्नाटकाच्या महसुली इतिहासाशी परिचय असलेल्यांना आणखी एक धागा दिसेल. १ मार्च १९७४ पासून अंमलात आलेल्या कूळकायद्याच्या दुरुस्तीने किनारपट्टीवरच्या अनेक जमीनदार बंट कुटुंबांची शेती कुळांकडे गेली. मुंबई-पुण्याची वाट आधीच मळलेली होती, ती आता अधिक वाहती झाली.

याच वाटेने फार आधी, कोवळ्या वयात आलेले जगन्नाथ शेट्टी हे या इतिहासातले मोठे नाव. फर्ग्युसन रस्त्यावरची 'रूपाली' आणि 'वैशाली' त्यांची. 'वैशाली'चे जुने नाव मद्रास हेल्थ होम. इडली, डोसा आणि फिल्टर कॉफी यांच्या जोडीला शेव, बटाटा, दही आणि पुरी यांचा मेळ घालणारा पदार्थ तेथे विद्यार्थिप्रिय झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्यार्थी, प्राध्यापक, लेखक, निवृत्त मंडळी यांची ती बैठकीची जागा झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शेट्टी वारले तेव्हा पुण्याने घरातला वडीलधारा गेल्यासारखा शोक केला. 'आमच्या पुण्याचे शेट्टी' असेच लोक म्हणत होते.

आता थोडे स्वतःविषयी. १९७७ साली मी पुण्याला गेलो. मिरजेला गाडी बदलावी लागे. रुंद रुळांवरची गाडी पहाटे पुण्याच्या फलाटाला लागली, तेव्हा आपण आपल्या माणसांत आलो असे मला वाटले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून आमच्या घरात 'आपली माणसे' म्हणजे कोण, याविषयी शंका नव्हती. पण वसतिगृहातल्या मुलांना माझ्या बोलण्यातला हेल गमतीचा वाटे. 'तू कानडी ना रे?' असे ते सहज विचारत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मला मात्र ते फार लागे. घरी आम्ही कानडी नाही हे सांगण्यात एक पिढी गेली होती.

एकदा तापातून उठून एका लहानशा उडुपी हॉटेलात एकटाच बसलो होतो. टेबल पुसणारा माझ्याच वयाचा मुलगा आत कोणाला तरी कन्नडमध्ये काही सांगत होता. मी नकळत त्याला कन्नडमध्ये उत्तर दिले. तो चमकला, मग हसला. त्या दिवसापासून मी गेलो की 'ऊट आय्ता?' म्हणजे जेवण झाले का, असे तो विचारी, आणि सांबाराची दुसरी वाटी न मागता येई. ज्या भाषेच्या पाट्यांवरून गावी आम्ही भांडत होतो, तीच भाषा पुण्यात माझ्या पोटाची चौकशी करीत होती. हे मी वडिलांना पत्रात कळवले नाही. पुढे कर्नाटक शासनाच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढताना त्या मुलाची आठवण मला अनेकदा झाली.

आपल्या मराठीपणाचा आग्रह मी आजही सोडलेला नाही, आणि या त्रैमासिकाच्या वाचकांनीही सोडू नये. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या पुण्याला आपण मराठी संस्कृतीचे केंद्र मानतो, त्या पुण्याच्या विद्यार्थिजीवनाला चहा पाजला तो इराण्यांनी आणि मारवाडातल्या ब्राह्मणांनी, आणि जेवू घातले ते तुळू-कन्नड बोलणाऱ्यांनी. ती माणसे मराठी शिकली, आपली भाषाही विसरली नाहीत, आणि पुण्याची झाली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांनी तरी वेगळे काय केले आहे?

गेल्या वर्षी नातवाच्या प्रवेशाच्या निमित्ताने फर्ग्युसन रस्त्यावर गेलो होतो. माझे ते लहान हॉटेल आता नाही. त्या जागी तयार कपड्यांचे दुकान आहे. पलीकडे रस्त्याच्या तोंडाशी गुडलकमध्ये चहा घेतला. शेजारच्या टेबलावर चार मुले बसली होती. त्यांच्या बोलण्यात तीन भाषा येत होत्या आणि चौघांत मिळून दोनच बनमस्के होते. ते कोणत्या जातीचे, कोणत्या प्रांताचे, हे मला ओळखता आले नाही. त्यांना एकमेकांचे ठाऊक असेलही, पण बन मात्र चौघेही एकाच बशीतून उचलत होते.