तीन वर्षांचे रविवार आणि एक गुणाकार

मंडळी, बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे ठेवत जायची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या पटाला आणखी ३ घरं जोडली, तर एकूण दाणे होतात २ चा ६७ वा घात वजा १. म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. तब्बल २१ आकडी!

१६४४ मध्ये मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने "२ चा घात वजा १" या साच्यातल्या मूळ संख्यांची यादी छापली. घातांक ६७ त्यात होता. एवढी मोठी संख्या तपासणार कोण? यादी २३२ वर्षं तशीच चालून गेली.

१८७६ मध्ये ल्युकाने सिद्ध केलं, की ही मूळ संख्या नाहीच. गंमत अशी, की त्याच्या पद्धतीतून भाजक मात्र मिळत नव्हते. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल झाली, पण बग कुठल्या ओळीत आहे ते काही कळेना :)

मग भाजक शोधायचे कसे? प्रत्येक भाजक हा १३४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा १ ने मोठा असणार, एवढं ठाऊक होतं. पण लहान भाजकासाठीसुद्धा ती पट निघाली १४,४५,५८० वी! एकेक करून हाताने भागत बसणं अशक्यच. त्यामुळे आधी उमेदवार चाळून कमी करायला हवेत.

हे काम केलं कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. एरिक टेंपल बेल यांनी पुढे लिहून ठेवलेला किस्सा असा: कोल फळ्यापाशी गेले, ६७ वा घात काढून १ वजा केला. शेजारी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ मांडून गुणाकार केला. उत्तरं जुळली. एक शब्दही न बोलता साहेब जागेवर जाऊन बसले, आणि टाळ्यांचा कडकडाट! किती वेळ लागला, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, तीन वर्षांचे रविवार.

आज आपला लॅपटॉप हे डोळ्याचं पातं लवण्याआधी करतो. पण मूळ गोम तिथेच आहे. संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट ठरवता येतं. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी त्याची सरळ, खात्रीची पद्धतच दिली. भाजक काढायची तितकी वेगवान पद्धत मात्र साध्या कॉम्प्युटरसाठी अजून कुणाला सापडलेली नाही. १९७७ चं आरएसए कुलूप नेमकं याच दरीवर उभं आहे. गुणाकार सोपा, उलटा प्रवास महाकठीण. २५० आकडी आरएसए संख्या २०२० मध्ये फुटली. म्हणून कुलपासाठी ६१७ आकडी संख्या वापरतात.

असो. वीकेंड वाया गेला असं पुन्हा वाटलं, तर कोलसाहेबांना आठवा. त्यांचे सगळे रविवार मिळून एकच गुणाकार झाला, आणि तो १०० वर्षांनंतरही बरोबरच आहे!